ई-मेलची किल्ली परक्याच्या हाती द्यावी काय?

घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखपर्यंत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांनी राबोडी, मुंब्रा, कौसा, भिवंडी आणि कल्याणच्या कितीतरी कारागिरांच्या हाताला काम दिले. बिल्डर घर बांधून मोकळा होतो. पण त्या घरात राहायला येणाऱ्या माणसाला सोफा हवा असतो, पडदे हवे असतात, खिडकीला जाळी हवी असते, स्वयंपाकघरात ट्रॉल्या हव्या असतात आणि उन्हाळा आला की एसीला गॅस भरणारा मिस्त्री हवा असतो. पूर्वी ही कामे वॉचमनच्या ओळखीने, हार्डवेअरवाल्याच्या शिफारशीने किंवा एका गिऱ्हाइकाने शेजाऱ्याला सांगितल्याने मिळत. आजही मिळतात. परंतु आता निम्मी बोलणी मोबाइलवर होतात. त्यामुळे आपल्या कारागिरांनी आणि दुकानदारांनीही फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन अशा ठिकाणी आपापली पाने उघडली आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. हातात हुन्नर आहे पण चार लोकांना ठाऊक नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार यामुळे काही अंशी दूर झाली.

मात्र अशा ठिकाणी नाव नोंदवताना एक प्रश्न हटकून समोर येतो. पडद्यावर लिहून येते की, आपल्या ओळखीचे लोक आम्ही शोधून देतो, फक्त आपल्या ई-मेलचा पासवर्ड येथे भरा, किंवा मोबाइलमधले सर्व नंबर पाहण्याची परवानगी द्या. दुकान बंद करण्याची वेळ झालेली असते, माणूस थकलेला असतो, पोरगा म्हणतो, "अब्बा, होय म्हणा, नाहीतर पुढे जात नाही." आणि अब्बा होय म्हणतात.

हा पासवर्ड द्यावा काय? आमचे स्पष्ट मत आहे की देऊ नये. त्याचे कारण केवळ "फसवणूक होईल" एवढेच नाही. ते तर सर्वजण सांगतात. मोठे कारण असे की, त्या ई-मेलच्या खात्यात जे काही आहे त्यातले अर्धेअधिक आपले नाहीच. ते गिऱ्हाइकांचे आहे, माल पुरवणाऱ्यांचे आहे, ज्यांची उधारी आपल्याकडे आहे त्यांचे आहे.

पासवर्ड मागण्याची ही रीत कशी सुरू झाली ते आधी पाहू. आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत. पुढच्याच वर्षी साबीर भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकेत हॉटमेल सुरू केले आणि फुकट ई-मेल घराघरांत गेला. मग ओळखी वाढवणारी संकेतस्थळे आली. २००४ मध्ये निघालेले ऑर्कुट आपल्याकडे फार चालले. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मुले त्यावर बसत. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंदही झाले. अशा प्रत्येक नव्या संकेतस्थळाची अडचण एकच होती, ती म्हणजे माणसे आणायची कोठून? आणि माणसांच्या याद्या तर लोकांच्या ई-मेलमध्ये तयार पडलेल्या होत्या. तेव्हा पासवर्ड मागून घ्यायचा, मालकाच्या नावाने आत शिरायचे, पत्त्यांची यादी उतरवून घ्यायची आणि त्या प्रत्येकाला मालकाच्याच नावाने बोलावणे धाडायचे, अशी युक्ती निघाली. अनेक खात्यांत, ज्याला आपण एकदा का होईना पत्र पाठवले त्याचा पत्ता आपोआप जमा होतो. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्याच्याशी पैशावरून वाजले त्या ठेकेदारालासुद्धा "या, माझे मित्र व्हा" असे पत्र जाते. व्यापारी माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

टॅग्ड नावाच्या अमेरिकन संकेतस्थळाने तर कमालच केली. २००९ मध्ये त्यांच्याकडून लोकांना पत्रे जात की, तुमच्या अमुक मित्राने तुम्हाला फोटो पाठवले आहेत. फोटो पाहायला गेले की आधी नोंदणी करा, आणि नोंदणी करता करता पत्त्यांची यादी गेलीच! मित्राने फोटो पाठवलेलेच नसत. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याने त्यांना धरले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला पाच लाख आणि टेक्सास राज्याला अडीच लाख डॉलर देऊन त्यांनी प्रकरण मिटवले.

लिंक्डइन हे तर नोकरी-धंद्याच्या लोकांचे, सभ्य समजले जाणारे ठिकाण. त्याच्यावरही २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लागला आणि २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. या दाव्यातली एक बाब आपल्या व्यापारी बांधवांनी लक्षात घेण्यासारखी आहे. न्यायाधीशांनी असे मानले की, यादी उतरवून घ्यायला आणि पहिले बोलावणे पाठवायला लोकांनी होकार दिला होता. पण ज्याने उत्तर दिले नाही त्याला दुसरे आणि तिसरे स्मरणपत्र त्यांच्याच नावाने पाठवायला होकार दिला होता असे म्हणता येत नाही. आपण एकदा "हो" म्हणतो, समोरचा ते तीनदा वापरतो. उधार मागायला गेलेला माणूससुद्धा लगोलग तीनदा जात नाही. येथे मात्र आपल्या नावाने कोणीतरी पुन्हा पुन्हा दार ठोठावत असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

सर्वांत मोठे उदाहरण फेसबुकचे. एप्रिल २०१९ मध्ये उघड झाले की, काही नव्या लोकांकडून नोंदणीच्या वेळी फेसबुक थेट त्यांच्या ई-मेलचा पासवर्ड मागत होते. बोभाटा झाल्यावर कंपनीने ही रीत बंद करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात कंपनीने आणखी एक कबुली दिली. मे २०१६ पासून अशा रीतीने सुमारे १५ लाख लोकांच्या पत्त्यांच्या याद्या त्यांना न विचारता उतरवल्या गेल्या होत्या. कंपनीचे म्हणणे, हे नकळत झाले. तसे असेलही. परंतु १५ लाख लोकांच्या यादीत प्रत्येकी किती माणसे असतील याचा हिशेब करावा, म्हणजे "नकळत" हा शब्द किती मोठा आहे हे समजते. त्याच्या थोडेच आधी, मार्च २०१९ मध्ये, असेही बाहेर आले होते की कोट्यवधी लोकांचे फेसबुकचे पासवर्ड कंपनीच्या आतल्या यंत्रांवर साध्या वाचता येईल अशा अक्षरांत साठवलेले होते. त्याबद्दल आयर्लंडच्या नियामकाने सप्टेंबर २०२४ मध्ये फेसबुकच्या कंपनीला ९ कोटी १० लाख युरोचा दंड केला. एवढ्या मोठ्या पेढीची ही तऱ्हा, तर काल निघालेल्या आणि उद्या बंद पडणाऱ्या संकेतस्थळांचे काय सांगावे!

टपालपेटीत काय काय असते

आपल्यापैकी बरेच जण म्हणतील, "माझ्या ई-मेलमध्ये आहे तरी काय? मी तर तो कधी उघडतही नाही." हीच मोठी गैरसमजूत आहे. ई-मेल आपण उघडत नाही, पण बाकी सगळे त्यात येऊन पडत असते. जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेल्या ई-मेलवर ओटीपी येतो. उद्यम नोंदणी, बँकेचे स्टेटमेंट, विम्याची पावती, घर भाड्याने घेताना दिलेली आधार आणि पॅनची प्रत, गिऱ्हाइकाने पाठवलेला फ्लॅटचा नकाशा, हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्याचे बिल, सारे तेथेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या कोठलाही पासवर्ड विसरला की नवा बनवण्याची वाट बहुधा याच ई-मेलमधून जाते. ज्याच्या हाती ही किल्ली आली त्याच्या हाती बाकीच्या किल्ल्यांचा जुडगा आला.

समजा, मानपाड्याच्या एका संकुलात काम करणारा सुतार आहे. त्याच्या टपालपेटीत चाळीस घरांचे नकाशे, चाळीस कुटुंबांचे नंबर, कोण कोणत्या तारखेला गावी जाणार आणि किल्ली कोणाकडे ठेवणार याची पत्रे आहेत. त्या गिऱ्हाइकांनी हे सुतारावर भरवसा ठेवून पाठवले होते. फेसबुकला नाही, लिंक्डइनलाही नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असली की तिला आपण अमानत म्हणतो, आणि अमानत पुढे तिसऱ्याला देताना मालकाला विचारावे लागते, हे कोणाला शिकवण्याची गरज नाही. आपल्या बापजाद्यांनी खतावणी कधी शेजारच्या दुकानदारालाही दाखवली नाही. मग त्याच खतावणीचा हा नवा अवतार अनोळखी कंपनीला का द्यावा?

ज्यांचा व्यवहार मोठा आहे, म्हणजे भिवंडीचे कापडवाले किंवा बाहेरून हार्डवेअर मागवणारे, त्यांना आणखी एक धोका आहे. दुसऱ्याच्या टपालपेटीत शिरलेला चोर लगेच काही करीत नाही. तो महिना-महिना नुसता वाचत बसतो. कोणाचे बिल किती, पैसे कधी द्यायचे, मालक पत्रात "भाई" लिहितो की "साहेब", सगळे टिपून घेतो. नेमक्या दिवशी माल पुरवणाऱ्याच्या नावाने पत्र येते की, आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, या वेळी नव्या खात्यात भरा. भाषा तीच, बिलाचा नंबर तोच, रक्कम पैशापर्यंत बरोबर. पैसे जातात आणि दोन व्यापाऱ्यांची वर्षांची दोस्ती तुटते, कारण दोघांनाही वाटते की दुसऱ्याने फसवले.

कुलूप न तोडता

आपल्या महाराष्ट्रात याची उदाहरणे आहेत. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरचे प्रकरण देशभर गाजले. अमेरिकेतील सिटीबँकेच्या काही ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील बनावट खात्यांकडे वळवण्यात आले. त्यात कोणी कुलूप तोडले नव्हते. फोनवर गोड बोलून, मदत करतो असे सांगून, ग्राहकांकडूनच त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले होते. लोकांनी ते राजीखुशीने सांगितले.

दुसरे उदाहरण तर आपल्या या रस्त्याच्याच पलीकडच्या टोकाचे. घोडबंदर रोड गायमुखचा घाट ओलांडून, घोडबंदर गावाजवळून काशिमिऱ्याकडे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. (या गावाला नाव पडले ते खाडीच्या बंदरातून होणाऱ्या घोड्यांच्या व्यापारामुळे, असे सांगतात.) तेथून मीरा रोड जवळच. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रातोरात छापे घातले. सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेऊन चौकशी झाली आणि सुमारे सत्तर जणांना अटक झाली. ही मुले येथे बसून अमेरिकेतील लोकांना फोन करीत, आपण तिकडच्या आयकर खात्याचे अधिकारी आहोत असे सांगून धमकावत आणि गिफ्ट कार्डांच्या रूपाने पैसे उकळत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच धंद्याबद्दल अहमदाबादच्या कॉल सेंटरांसह ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोपपत्र जाहीर केले.

या प्रकरणाचा पासवर्डशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे तो याद्यांचा. हजारो मैलांवरच्या माणसाला फोन करायचा तर त्याचे नाव, नंबर हवा. अमेरिकेच्या न्याय खात्याने म्हटले होते की, ही माहिती माहितीच्या दलालांकडून आणि इतर मार्गांनी मिळवलेली होती. म्हणजे नावांच्या आणि नंबरांच्या यादीला बाजारात भाव आहे, तिचे दलाल आहेत, घाऊक आणि किरकोळ दर आहेत. आपली यादी आपल्याला फुकटची वाटते, एवढेच.

दुसरी बाजू

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एखादा तरुण म्हणेल, "चाचा, तुम्ही घाबरवता. मोठ्या कंपन्या आता पासवर्ड मागतच नाहीत." त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. २००७-०८ च्या सुमारास दुसरी पद्धत आली. संकेतस्थळ आपल्याला गूगलच्या दारात पाठवते, पासवर्ड आपण गूगललाच देतो, आणि गूगल त्या संकेतस्थळाला ठरावीक कामापुरती चिठ्ठी देते. ही चिठ्ठी आपण केव्हाही रद्द करू शकतो. "गूगलने पुढे जा" असे जे बटण दिसते ते हेच. किल्ली देण्यापेक्षा ही रीत शंभर पटीने बरी. ३० मे २०२२ पासून तर गूगलने नुसत्या नाव-पासवर्डवर आत शिरणाऱ्या बाहेरच्या ॲपना साध्या खात्यांची दारे बंद केली. पण चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते वाचले पाहिजे. "तुमचे नाव आणि ई-मेल पत्ता पाहणे" ही एक गोष्ट आणि "तुमचे संपर्क पाहणे", "तुमच्या वतीने पत्रे पाठवणे" ही अगदी वेगळी. आणि कोणी सोळा अक्षरांचा "ॲप पासवर्ड" बनवून मागितला, तर तीही किल्लीच, फक्त वेगळ्या घडणीची.

शिवाय मोबाइल आल्यापासून यादी मिळवायला ई-मेलची गरजही उरलेली नाही. पाथ नावाचे एक ॲप न विचारताच मोबाइलमधले सर्व नंबर उतरवून घेत होते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत त्याला आठ लाख डॉलर भरावे लागले. आता फोन स्वतःच विचारतो की, या ॲपला संपर्क दाखवू का? "नाही" म्हटले तरी बहुतेक ॲप चालते. आमचा सल्ला असा की, आधी "नाही" म्हणून पाहावे.

तरुणाचा दुसरा मुद्दा असा की, ओळखी वाढल्या तरच धंदा वाढतो. कबूल. पण चांगली ओळख वाढते ती निवडून. ज्या दहा-वीस गिऱ्हाइकांचे काम मनाजोगते झाले त्यांना स्वतः फोन करून सांगावे, "साहेब, मी पान उघडले आहे, दोन शब्द लिहा." हे काम एका संध्याकाळचे आहे. चारशे अनोळखी लोकांना यंत्राने गेलेल्या बोलावण्यापेक्षा या वीस शब्दांनी वाघबीळ-कासारवडवलीला काम जास्त मिळेल.

मोठ्या कंपन्यांपेक्षाही आम्हाला जास्त काळजी वाटते ती मधल्या माणसाची. आपल्याकडे अर्ध्या लोकांचे ई-मेल मोबाइलच्या दुकानातल्या पोराने काढून दिलेले असतात. पासवर्ड बहुधा मोबाइल नंबर, नाहीतर दुकानाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन, आणि तो मालकाला आठवत नाही पण त्या पोराला पाठ असतो! कोणाचा ई-मेल कर सल्लागाराच्या कार्यालयात पडलेला असतो. कोणी महिना दोन-तीन हजार घेऊन "तुमचे पान सांभाळतो, गिऱ्हाईक आणून देतो" म्हणतो आणि पहिल्याच दिवशी ई-मेलचा पासवर्ड मागतो. ही माणसे चोर आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बहुतेक पोटापाण्याला लागलेली होतकरू मुले आहेत. परंतु त्यांना पान सांभाळायला ई-मेलचा पासवर्ड लागत नाही. फेसबुकच्या पानावर मालक आपल्या खात्यातून दुसऱ्याला कामापुरता अधिकार देऊ शकतो आणि काढूनही घेऊ शकतो. गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीचेही तसेच. जो म्हणतो की पासवर्डशिवाय होतच नाही, त्याला काम येत नाही किंवा त्याचा हेतू दुसरा आहे. गल्ल्यावर बसवलेल्या नोकराला आपण गल्ल्याची चावी देतो, घराची नाही.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आहे आणि २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. कलम ६६ क प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ज्याला आपणच पासवर्ड लिहून दिला त्याची लबाडी सिद्ध करणे किती कठीण जाईल याचा विचार करावा. पैशांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले होते. ग्राहकाने स्वतः पैसे भरण्याची गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून असे काही झाले तर लाजेने गप्प बसू नये. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर त्यासाठीच आहे आणि तेथे तास-दोन तासांत कळवले तर पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता बरीच असते. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. गिऱ्हाइकांची माहिती बाळगणाऱ्या दुकानदाराचाही त्यात विचार आहे. त्याविषयी सवडीने स्वतंत्र लिहावे लागेल.

ज्यांनी पासवर्ड आधीच देऊन टाकला आहे त्यांनी काय करावे? पासवर्ड बदलावा हे तर उघडच. सोबत दोन टप्प्यांची तपासणी सुरू करावी, म्हणजे नव्या यंत्रावरून कोणी शिरू लागला की मोबाइलवर विचारणा होते. गूगलच्या खात्यात सुरक्षेच्या भागात बाहेरच्या कोणकोणत्या ॲपना चिठ्ठी दिलेली आहे त्याची यादी दिसते. त्यात ओळखीचे नसेल ते काढून टाकावे, जुने ॲप पासवर्डही रद्द करावेत. फेसबुक आणि लिंक्डइनवर पूर्वी चढवलेले संपर्क पुसण्याची सोय आहे, ती शोधावी लागते, मुद्दाम कोपऱ्यात ठेवलेली असते. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ई-मेलच्या सेटिंगमध्ये "पुढे पाठवणे" आणि "फिल्टर" असे दोन भाग असतात. आत शिरलेला माणूस कधी कधी तेथे स्वतःचा पत्ता घालून ठेवतो. मग पासवर्ड दहा वेळा बदलला तरी आपल्या प्रत्येक पत्राची नक्कल त्याच्याकडे जातच राहते. ते दोन्ही भाग उघडून पाहावेत. अनोळखी पत्ता दिसला तर पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा, तक्रार द्यायला गेल्यावर पोलीस पहिल्यांदा तोच मागतील.